आठव्या दिवसाची तपासणी

देवी टोचणारा माणूस गावात शिरला की आधी मुले नाहीशी होतात. मग बायका नाहीशा होतात. उरतात ते म्हातारे. त्यांना देवी केव्हाच येऊन गेलेल्या असतात, त्यामुळे ते निवांत विडी ओढत टोचणाऱ्याची फजिती बघत बसतात. मी या नोकरीत उभे आयुष्य काढले आणि त्यातली सुरुवातीची वर्षे बहुतेक रिकाम्या अंगणांशी बोलण्यात गेली.

संपादकांनी पत्रात लिहिले आहे, नोकरीतल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण चार ओळी लिहिल्या की मी उठतो, अंगणात जाऊन येतो, पाणी पितो आणि पुन्हा बसतो. असे तीन दिवस चालले आहे. कारण कुठूनही सुरुवात केली तरी गोष्ट मोलगीच्या बाजाराकडे वळते, आणि तिथे गमतीचे काही नाही.

तरी धंदा आधी समजावून सांगतो, कारण आता तो कुणाला फारसा माहीत नाही. लस बेळगावहून काचेच्या बारीक नळ्यांत यायची. ऊन लागले की ती मेलीच. म्हणून आम्ही नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवायचो आणि मडके शिपायाच्या डोक्यावर. मुलाचा दंड धुऊन पुसायचा, त्यावर लस ठेवायची आणि नश्तराने चार ठिकाणी इतके हलके ओरखडायचे की रक्त येता कामा नये. हंगाम थंडीचा, दिवाळीपासून होळीपर्यंत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आठव्या दिवशी परत जायचे. फोड उठला असेल तर लस लागली. नाही उठला तर पुन्हा टोचायचे. आठव्या दिवशी न गेलेला माणूस टोचून गेला काय आणि न टोचता गेला काय, सारखेच. कागदावर नुसता आकडा राहतो.

सपाटीवरच्या एका गावी पाटलांनी मला खूश करायचे ठरवून ओट्यासमोर मुलांची रांग लावली होती. सहावा दंड पुसायला घेतला तर त्यावर ओली लस आणि चार ओरखडे. मघाशी मीच केलेले. पोराने टोपी तेवढी बदलली होती. नाव विचारले तर तो पाटलांकडे बघून म्हणाला, "आते कोनं नाव सांगू?"

आमच्या घरात बी. ए. झालेला मी पहिला. प्राथमिक शाळा तळोद्याला, पुढची धुळ्याला, कॉलेज पुण्याला. पहिले महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती आणि पदवीधराला निदान मामलेदार कचेरीत खुर्ची मिळेल असे मला वाटत होते. मिळाली ती देवी टोचण्याच्या खात्यातली इन्स्पेक्टरची जागा, आणि तीही पश्चिम खानदेशच्या डोंगराळ भागात. तिथे राहायला कोणी टोचणारा तयार नव्हता, म्हणून इन्स्पेक्टरनेच टोचायचे.

आईला हे कळवले तेव्हा तिला आनंद झाला. डोंगर तिचा होता.

आमचे घर बांगड्यांचे. वडील तळोद्यात ओसरीवर बसून बांगड्या भरायचे, आई माल लावून द्यायची. मी सात वर्षांचा असताना वडील गेले. काही दिवस आईने ओसरी चालवली. मग बायका येईनाशा झाल्या. कुणी वाईट बोलले नाही, कुणी भांडले नाही. पण सणावाराला, लग्नाला, डोहाळजेवणाला विधवेच्या हातून बांगड्या कोण भरून घेणार? आणि बांगड्या भरायच्या त्या याच दिवसांत. आईने महिनाभर वाट पाहिली. मग एके दिवशी बांगड्यांच्या माळा पेंढ्यात घालून टोपली बांधली. आजी रडू लागली तेव्हा ती म्हणाली, "गावम्हान मन्हा हात चालस नही ना? डोंगरवर चालस. मंग डोंगरवर जासू."

डोंगरात तिला कोणी विचारले नाही की नवरा आहे की नाही. बांगडी नीट चढते का, एवढेच बायकांनी पाहिले. अक्कलकुव्यावरून मोलगी, मोलगीहून काठी, तिथून पुढे नर्मदेकडचे पाडे. वर्षातले सहा-सात महिने ती वर असायची. काचेच्या बांगड्या, लाखेच्या बांगड्या, रंगीत मणी. बदल्यात चारोळी, मोहाची फुले, भगर, जे असेल ते. मी शिकलो तो तिच्या पायांवर. सपाटीवरची आई आणि वर भिलीत बोलणारी आई अशा दोन बाया होत्या हे मला नोकरी लागेपर्यंत ठाऊकच नव्हते.

माझा पहिला डोंगराचा हंगाम वाया गेला. तीन गावे केली आणि तिन्ही गावांतून मडके जसेच्या तसे परत आले. चौथ्या ठिकाणी एक मूल सापडले, तेही लंगडत होते म्हणून पळू शकले नाही. मोलगीला धर्मशाळेसारख्या एका झोपडीत आईची गाठ पडली. ती बाजारासाठी आली होती. भाकरी खाताना मी रडगाणे गायलो: हे लोक अडाणी आहेत, समजावून सांगितले तरी समजत नाही. तिने ते सगळे ऐकून घेतले आणि मुलाचा हात कसा धरतोस ते दाखव म्हणाली. मी तिचा दंड धरून दाखवला.

"तू धरस, आबा. तठेच चुकस. जोर करा का हात कडक व्हस. कडक हातले दुखस." तिने माझा हात उलटा केला, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवली आणि माझ्या कोपराखाली आपला तळवा दिला. माझा हात आपोआप सैल पडला. "आते हात कोना शे? मन्हा. तू मले दी टाका. असं लेवानं."

पुण्याच्या चार वर्षांत मला कुणी इतके नेमके काही शिकवल्याचे आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला बाजारात आपल्या शेजारी बसवले. भोवती बायका जमल्या. त्यांत काठीकडच्या पाड्यावरची खेमली नावाची एक थोराड बाई होती, आईची सर्वांत जुनी गिऱ्हाईक. आई तिच्याशी भिलीत काहीतरी बोलली आणि सगळ्या जणी माझ्याकडे बघून हसू लागल्या. वेस्ता नावाचा माझा शिपाई त्याच भागातला. त्याला अर्थ विचारला तर तो संकोचला. आई म्हणाली होती, हा माझा मुलगा, लहानपणी काट्यालासुद्धा भ्यायचा, म्हणून आता दुसऱ्यांना टोचत फिरतो. हसू ओसरायच्या आत खेमलीने आपला नातू माझ्यापुढे बसवला. आईने सांगितले तसा मी त्याचा हात घेतला. पोरगा रडायचे विसरला.

तिथून पुढे डोंगरात माझे नाव बदलले. इन्स्पेक्टर साहेब गेला आणि 'चुडीवाली याहाचा मुलगा' झाला. याहा म्हणजे आई. मुले येऊ लागली. खात्याकडे मी लिहून पाठवले की लोकांमध्ये लसीविषयी समज वाढत आहे. एकदा वरचे साहेब दौऱ्यावर आले असता कुणीतरी माझी ओळख त्या नावाने करून दिली. साहेबांनी विचारले, ही चुडीवाली कोण? मी म्हणालो, आहे इकडची एक फिरती विक्रेती. असे मी म्हणालो. तिच्याच घामावर शिकून घेतलेल्या इंग्रजीत म्हणालो.

पाचव्या हंगामातल्या पौषात मी धडगावच्या पलीकडे होतो. दोन पाड्यांवर टोचून सात दिवस झाले होते. दुपारी तळोद्याहून चुलतभावाने धाडलेला माणूस येऊन पोचला. दोन दिवस चालून त्याचे पाय सुजले होते. "काकूले ताप शे. तुम्हले बलावस," एवढेच तो म्हणाला. मी विचारले, फार आहे का? तो म्हणाला, मी निघालो तेव्हा बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी आठवा दिवस होता. त्या पाड्यांवर माझ्या आधी कोणीतरी टोचून गेला होता आणि परत आलाच नव्हता. दोन मुलांचे दंड सडले होते. मी मोठ्या मिनतवारीने आणि परत येण्याची शपथ घेऊन तिथे टोचले होते. मी हिशेब केला: आई बोलते आहे, म्हणजे ताप उतरणीचा असेल. उद्या तपासणी करतो आणि लगेच निघतो. माणसाला जेवू घातले आणि सकाळी पाड्यांकडे गेलो. सगळ्या दंडांवर सुरेख फोड उठले होते. एका मुलाला पुन्हा टोचावे लागले.

घरी पोचलो तेव्हा अग्नी चुलतभावाने दिला होता. मी निरोप मिळताच निघालो असतो तर ती भेटली असती. हे मला तिथे कुणी सांगितले नाही. मी स्वतः वेळ मोजून काढला.

दिवस झाले आणि पंधरवड्याच्या आत मी पुन्हा डोंगरात होतो. घरात बसवत नव्हते. मोलगीच्या बाजारात मुलांची रांग लागली होती. वेस्ता मडके उतरवत होता. खेमली आली आणि विचारले, याहा होळीच्या आत येणार ना?

मी म्हणालो, "येईल."

का म्हणालो? याचे उत्तर मी स्वतःला निरनिराळे दिले आहे. रांगेत बसलेल्या बाया तिच्या नावावर आल्या होत्या. ती गेली म्हटल्यावर त्या मुलांना उचलून निघून जातील, अशी भीती होती. हे खरे आहे. पण तेवढेच खरे नाही. त्या बाजारात ती अजून होती. तिथे ती उद्या येणार होती. तळोद्यात जे संपले होते ते तिथे संपले नव्हते, आणि ते मला माझ्या तोंडाने संपवायचे नव्हते.

मग खोटे वाढत गेले. होळी झाली, पावसाळा गेला, दुसरा हंगाम लागला. याहाचे गुडघे दुखतात, डोंगर चढवत नाही. याहा बहिणीकडे गेली आहे. याहाने तुम्हाला विचारले आहे. मी निरोप बनवू लागलो आणि बायका उलट निरोप देऊ लागल्या. कुणी चारोळीची पुरचुंडी द्यायची, याहाला दे म्हणून. मी ती घ्यायचो. एका जागी बसणे मला अशक्य झाले. मोलगी टाळता यावी म्हणून वाकड्या वाटा काढल्या, एकाच गावी दोनदा गेलो, बाजाराच्या दिवशी मुद्दाम काठीला राहिलो, तर तिथेही कुणीतरी विचारलेच. वेस्ताला सगळे ठाऊक होते. एकदाच म्हणाला, "साहेब, गुडघे किती दिवस दुखणार?"

त्या वर्षी होळीला आठ-दहा दिवस असताना खेमली आपल्या नातीला घेऊन आली. नातीचे नाव रुमली, लग्नाच्या वयाची. तिचे दोन्ही हात रिते होते. खेमलीने सांगितले, मागची होळी हिने अशीच केली, दुसऱ्या कुणाकडून भरून घेणार नाही म्हणाली. याहाला चढवत नाही तर नसू दे. आम्ही उतरतो. तू खाली जातोसच, आम्हाला घर दाखव.

तिच्यामागे आणखी पाच जणी भाकऱ्या बांधून उभ्या होत्या.

तेव्हाच सांगायला हवे होते. मी म्हणालो, चला.

वेस्ताला घेऊन आम्ही निघालो. त्या माझ्यापुढे चालत होत्या, आणि इतक्या वेगाने की मी घाटात धापा टाकत होतो. सबंध वाट त्या आईबद्दल बोलत होत्या. मला आता भिली बरीच कळू लागली होती. याहा वानरांना किती भ्यायची आणि एका वानराने तिची टोपली उघडली तेव्हा कशी झाडाखाली उभी राहून त्याची विनवणी करत होती. एका बाळंतिणीपाशी ती तीन दिवस राहिली होती आणि बाजार बुडवला होता. सासू-सुनेचे भांडण तिने दोघींना एकाच माळेतल्या बांगड्या भरून कसे मिटवले. आणि माझ्याविषयी ती म्हणायची: माझा मुलगा सगळे लिहून ठेवतो, काय जेवला तेसुद्धा लिहीत असेल. यावर त्या थांबून थांबून हसल्या. यातली एकही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी मागून चालत होतो आणि दर वळणावर ठरवत होतो, पुढच्या वळणावर सांगू.

घाट उतरल्यावर एका नाल्याशी त्या पाणी प्यायला बसल्या. खेमलीने तोंड धुतले आणि विचारले, ती ओसरीवर बसते की आत? आम्ही आलो की आधी कुणाला ओळखील?

मी उभाच होतो. म्हणालो, "ती नाही. ती मेली. मागच्या वर्षी, पौषात."

पुढचे बोलणे भिलीत झाले, मी आपल्या भाषेत लिहितो. रुमलीने एकदा वेस्ताकडे पाहिले, त्याने मान खाली घातली. मी भरभर बोलू लागलो. रांग होती, मुले होती, तुम्ही उठून गेला असता, देवीची साथ आली असती. खेमलीने मला थांबवले.

"पाणी कुणी पाजलं?" तिने विचारले.

"माझ्या चुलतभावाच्या बायकोनं."

"तू कुठे होतास?"

तेव्हा मी सांगितले. धडगावपलीकडचे दोन पाडे, आलेला माणूस, आठवा दिवस. तोवर हे मी कुणालाही सांगितले नव्हते. घरी मी म्हणालो होतो की निरोप उशिरा पोचला.

खेमली दगडावर बसून ऐकत होती. मग म्हणाली, "तू खोटं बोललास ते बोललास. पण एक वर्ष आम्ही तिच्या नावानं हसलो. माणूस मेल्यावर आम्ही हसत होतो. तू आम्हाला रडू दिलं नाहीस."

मला वाटले, आता त्या उठतील आणि वर निघतील. त्या उठल्या, पण चालू लागल्या त्या तळोद्याच्या वाटेने. मी म्हणालो, आता तिथे काय आहे? एक जण म्हणाली, आम्ही तिच्या घरी जायला निघालो आहोत. वाटेत एक मुक्काम झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी पोचलो. मी कुलूप काढले. त्या आत आल्या नाहीत. ओसरीपुढे अंगणात बसल्या आणि खेमलीने गळा काढला.

आमच्या आळीने असे रडणे कधी ऐकले नव्हते. एक जण बोलायची आणि बाकीच्या तिचा सूर धरायच्या. तू माझ्या लग्नाला हात भरलेस. तू माझ्या लेकीचे भरलेस. माझ्या घरी भाकर नव्हती तेव्हा तू टोपलीतली दिलीस. आम्हाला न सांगता गेलीस. घराघरांतून बायका बाहेर आल्या. याच बायका, यांच्या सासवा, ज्यांनी सणाच्या दिवशी तिच्या ओसरीवर येणे सोडले होते. शेजारच्या सोनाकाकू जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ह्या कोन शेत, आबा?"

"मन्ही मायना जीवाभावन्या बाया शेत," मी म्हणालो. वर्षभर न आलेले रडू तेव्हा आले, आळीच्या मधोमध, इन्स्पेक्टरच्या कोटात. सोनाकाकू घरात गेल्या आणि कळशी घेऊन आल्या. त्यांनी एकेकीच्या ओंजळीत पाणी घातले.

त्या रात्री राहिल्या नाहीत. होळी तोंडावर होती. मी वेशीपर्यंत गेलो. आईचा उरलेला माल मी केव्हाच वाटून टाकला होता, रुमलीला द्यायला घरात काही नव्हते. तिने ती होळीही रित्या हातांनी केली, या वेळी कारण माहीत असून.

वेशीवर मी खेमलीला विचारले. ते विचारायची माझी लायकी नव्हती, पण विचारले: पुढच्या थंडीत मुलांना आणाल का?

ती माझ्याकडे जरा नवलाने बघत राहिली. "पहिल्या वर्षी याहासाठी आणली," ती म्हणाली. "नंतर तिच्यासाठी कशाला आणू? तू आठव्या दिवशी परत येतोस. याआधी कुणी येत नव्हतं. म्हणून आणतो."

आणि त्या गेल्या.

म्हणजे वर्षभर मी जी भीती बाळगली तिला आधार नव्हता. आणि ज्या एका दिवसासाठी मी आईला मुकलो, त्याच दिवसामुळे त्या बाया माझ्यावर विश्वास ठेवत होत्या. हे ऐकून समाधान व्हायला हवे होते. मित्र म्हणतात, आईने तुला हेच शिकवले होते, तिला अभिमान वाटला असता. वाटला असता कदाचित. ती तशीच होती. टोपली बाजारात पोचवायची म्हणजे पोचवायची. पण ती मला बोलावत होती, हेही खरे आहे.

पुढच्या थंडीत मुले आली. सगळी नाही. काठीकडच्या दोन पाड्यांवरच्या बायांनी माझ्याशी बोलणे टाकले, ते पुन्हा कधी धरले नाही. खेमली मात्र स्वतः पोरे गोळा करून आणायची आणि रांगेत ढकलायची, मायेने नव्हे, हक्काने. मी निवृत्त होईपर्यंत डोंगरातच राहिलो. बदलीचे दोन हुकूम आले, दोन्ही अर्ज करून रद्द करून घेतले. थंडी, ताप, नाल्याला अवेळी आलेला पूर, काही असले तरी आठव्या दिवशी मी गेलो. एकही चुकवला नाही. खात्याने त्याबद्दल माझे नाव घेतले. पण पाड्याजवळ पोचलो, मुलांचे दंड बघू लागलो की मला मागे वळून वाटेकडे बघावेसे वाटायचे, कुणी माणूस येतो आहे का. इतक्या वर्षांत एकही आठवा दिवस मला स्वस्थपणे गेला नाही.